वसव्यातला हुरडा

गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस पडलं की आधी एक ओला, हिरवट वास उठतो, मग करपलेल्या कुसांचा, आणि त्या दोन्हींच्या मधून दुधाळ दाण्याचा गोडवा हळूच वर येतो. माघातल्या सकाळी पारनेरकडच्या आमच्या शेतात उभा राहून मी या वासाची वाट पाहत होतो, आणि येत होता तो नुसता धूर.

अलीकडे आमच्या भागात हुरड्याला वैभव आलं आहे. हमरस्त्यालगत कमानी उभ्या राहतात, दारात तुतारी वाजते, पाहुण्यांना फेटे बांधतात, उंटावरून फिरवून आणतात आणि 'अमर्याद हुरडा' असा फलक लावतात. एवढा मानपान पाहून ज्वारीलाच संकोच वाटत असेल. माझी आठवीतली मुलगी सई, तिच्या वर्गातल्या बहुतेक मुली तिथे जाऊन आल्या. आम्हाला ते परवडणारं नव्हतं. सईने हट्ट केला नाही. तिने त्याहून अवघड काम करून ठेवलं. "आमच्या शेतातच असतो हुरडा, हवा तेवढा," असं वर्गात सांगून तिने ऋचा नावाच्या मैत्रिणीला बोलावूनही टाकलं. ऋचा फेटे, उंट सगळं पाहून आलेली. सईची वर्गातली पत आता त्या 'हवा तेवढा'वर टांगलेली होती.

शेतावर राहणाऱ्या थोरल्या भावाला, दादाला, मी फोन केला होता. "हुरडा आलाय," तो म्हणाला. शेतकऱ्याच्या तोंडी 'आलाय' म्हणजे 'निघा'. मला, नोकरदाराला, तो 'उपलब्ध आहे' असा ऐकू आला आणि मी सवडीचा रविवार शोधत बसलो. तो रविवार उजाडेपर्यंत ज्वारी कडक होऊन गेली होती. वहिनींनी आगटीतून पहिलं कणीस काढून तळव्यावर चोळलं, तर दाणे खड्यांसारखे खडखडले.

"आवो भाऊजी, हुरडा काय तुमच्या सुट्टीची वाट बघत बसतो व्हय?"

"आता दळूनच न्या," दादा म्हणाला. "भाकरी लई ग्वाड लागंल."

ऋचा हसली. सई हसली नाही. ती तोंड फिरवून उभी राहिली, आणि मला तिचा लाल झालेला कान तेवढा दिसला. वहिनींनाही तो दिसला असावा. राख झटकत त्या उठल्या.

"लिंबाच्या वसव्याला कुनी बगितलं का?"

झाडाच्या सावलीने पिकाला जी खोट येते, तिला वसवा म्हणतात. बांधावरच्या त्या कडुलिंबाखाली ज्वारी खुरटी राहते, उशिरा निसवते, कणसं मागाहून बाहेर पडतात, म्हणून दादा दरसाल तो तोडायची भाषा करतो. त्या खोटीकडे आम्ही सगळे आता आशेने निघालो. पिकल्या कणसांवर कोवळं ऊन मोत्यांसारखं थांबलं होतं, आणि लिंबाच्या सावलीत तीच कणसं अजून हिरवी, दवाने जड, जणू वेळेची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. नखाने दाणा दाबायचा, पांढरा चीक आला तर कणीस मोडायचं. मुली ज्वारीच्या ताटांमधून वाकून शोधू लागल्या. "सापडलं!" ऋचा ओरडली.

"हळू गं पोरी, ताटं मोडशील," दादा म्हणाला, आणि स्वतःच दोन ताटं मोडून पुढे घुसला.

मिळाली ती कणसं वहिनींच्या पदरात मावली. ती भाजली, चोळली, फुंकर मारून कुसं उडवली. प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर हिरवा, वाफाळता हुरडा आला. सावलीतल्या या उशिराच्या पिकातून काही बोध काढावा असा मोह मला झाला, पण तोंड रिकामं नव्हतं.

ऋचाने आपली मूठ संपवली आणि हात पुढे केला. "अजून आहे?"

मी सावरून घ्यायला निघालो. कमीपणा झाकणारी, पुढच्या वेळचं वचन देणारी वाक्यं माझ्यापाशी नेहमीच तयार असतात. पण सई आधी बोलली.

"नाही. एवढाच होता."

ऋचाने तळव्याला चिकटलेला शेवटचा दाणा दातांनी उचलला. सई आगटीजवळ मजेत हात शेकत बसली. 'एवढाच' हा शब्द मी आयुष्यभर मान खाली घालून उच्चारत आलो आहे. तो इतका सरळही म्हणता येतो, हे मी त्या धुरात उभा राहून ऐकत होतो.