इतर परिस्थिती कायम असताना

अख्ख्या अर्थशास्त्राला घाम फोडू शकणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो मुलुंडला माझ्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहत होता. ऐंशीच्या दशकात आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो, मी अर्थशास्त्र आणि तो इतिहास. 'इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते,' हे वाक्य मी देवाचं नाव घ्यावं तसं वर्गात घेत आलो होतो. एकदा त्याने ते भिंतीपलीकडच्या वर्गातून ऐकलं आणि स्टाफरूममध्ये मला गाठलं. "इतर परिस्थिती कायम? कुठल्या गावात? कुठल्या साली? असं एक साल दाखव, मी इतिहास शिकवायचं सोडतो."

मग ते साल शोधायला तो स्वतःच निघाला. माझ्या बाजूने! एवढी दिलदारी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. सुट्टी लागली की हा जुनी गावठाणं पालथी घालायचा. मरोळला भाजी पिकवणाऱ्या एका म्हातारीला त्याने विचारलं, "वांगी महागली त्या साली बाकी सगळं नेहमीसारखंच होतं ना?" ती म्हणाली, "त्या साली विहीर आटली, सासरा मेला न् मला पोरगी झाली. वांग्यांचं काय घेऊन बसलास?" तिने दिलेली दोन वांगी त्याने पुरावा म्हणून माझ्या टेबलावर आणून ठेवली. त्या वांग्यांपुढे मला फार लहान झाल्यासारखं वाटलं.

वादाचा निकाल वहिनी, म्हणजे त्याची बायको, लावायच्या. "भावोजी, कांदा महागला की मी कमी घेते, हे तुमचं खरं. पण हे न सांगता चार माणसं जेवायला आणतात तेव्हा जास्त घेते, हे यांचं खरं. आता चहा घ्या, गार होतोय."

वहिनी अचानक गेल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून भिंतीला भिंत लागून असूनही मी कितीतरी दिवस त्याच्याकडे गेलो नाही. त्याची लाज अजून वाटते. शेवटी गेलो, तर घर होतं तसंच. दाराशी त्यांची चप्पल, रेडिओवर चष्मा, दूधही दोघांपुरतं.

"काहीच हलवलं नाहीस?"

"तुझा सिद्धांत तपासतोय रे. एकच गोष्ट बदललीय, बाकी सगळं कायम ठेवलंय."

"मग?"

त्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "चहासुद्धा तो राहिला नाही."

वाद तो जिंकला होता. हरायला मी केव्हाच तयार होतो, पण असं नाही.

ते वाक्य मी अजूनही शिकवतो. 'कायम' म्हटल्यावर मात्र क्षणभर थांबतो. भिंतीपलीकडून आता कुणी काही विचारत नाही.