आर्जियाचं लोखंड

एर्मेते तुमियातीला पहिलं पदक मिळालं तेव्हा सगळं वाल्मोरा गाव त्याच्या आईच्या दारात लोटलं, आणि आर्जिया आतून कडी लावून बसली. बायका म्हणाल्या, पोराच्या पदकानं हिला शिंगं फुटली. कसली शिंगं न् काय! ती भ्यायली होती, आत बोटातली लोखंडी अंगठी दाबून बसली होती.

त्याचं कारण पाच वर्षं मागचं होतं, आणि ते फक्त माय-लेकालाच ठाऊक होतं. पस्तीस सालच्या डिसेंबरात सरकारचं फर्मान सुटलं की लढाईला पैसा हवा, बायांनी देशासाठी लग्नाची अंगठी द्यायची आणि बदल्यात लोखंडाची घ्यायची. अंगठ्या टाकायला चौकात शेगडी पेटवून ठेवली होती. आर्जियाचा नवरा अल्फेओ पहिल्या महायुद्धात पियावे नदीच्या काठी मेला, तेव्हा एर्मेते चार वर्षांचा होता. त्या माणसाचं घरात उरलं होतं काय? एक फोटो आणि ही अंगठी.

"नाही देणार," आर्जिया म्हणाली. "हवं तर बोट तोडून न्या म्हणावं."

एर्मेते तेव्हा एकवीस वर्षांचा, नुकताच हवाई दलात लागलेला, रजेवर आला होता. तो हसत सुटला. "बोट कशाला तोडतेस, आई? त्या शेगडीला सोनं न् पितळ कळतंय होय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून एक पितळी अंगठी आणली आणि राखेनं घासून लखलखीत केली. आर्जियानं ती चौकात टाकली, पाद्रीबाबांनी पाण्याचे शिंतोडे उडवले, आणि तिच्या बोटात लोखंड आलं. खरी अंगठी तिनं परकराच्या काठात शिवून टाकली.

आता आमच्याकडची माणसं अशी, की वाईट शब्द कानावर पडला रे पडला की हात लोखंडाकडे जातो. दाराची कडी, विळा, खिशातली किल्ली, जे सापडेल ते. आर्जियाला शोधावंसुद्धा लागत नसे, लोखंड बोटातच होतं. पण अंगठा त्याच्यावर टेकला की दर वेळी मनात यायचं, हे फसवून आणलेलं लोखंड. हे माझ्या पोराला कसलं राखणार?

आणि पोरगं तरी कसं, एका जागी बूड टेकेल तर शपथ! कान सुपाएवढे, अंगानं काटकुळं. लहानपणी तागाच्या गंजीवर चढून हात पसरून खाली उड्या मारायचा. पुढे सायकलच्या दुकानात कामाला लागला, आणि तिथून थेट विमानात. लिबियात एकावर एक दुहेरी पंखांच्या जुनाट विमानातून लढला, त्याचं कांस्यपदक. माल्टावर एका इंग्रजाला पाडून, शेपटीची चाळण झालेलं विमान परत आणलं, त्याचं रौप्य. पुढच्या वर्षी दुसरं रौप्य. एकदा पत्रात त्यानं लिहिलं, "विमानांवर काचेचं झाकण बसवून दिलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी भांडून काढायला लावलं. तोंडावर वारा लागल्याशिवाय विमानाचं बोलणं कळत नाही."

"एकजात वेडे आहेत मेले," आर्जिया म्हणाली, आणि अंगठा लोखंडावर टेकवला.

बेचाळीसच्या ऑगस्टात तो रजेवर आला. गुत्त्यात गावजेवण झालं, तळलेली वाम आणि लाल वाईन. वाईन जरा जास्त झाल्यावर गावचे प्रमुख ग्वाल्तिएरो साहेब ग्लास उंचावून उठले.

"कांस्य झालं! रौप्य दोनदा झालं! आता काय, फक्त सोन्याचं राहिलंय!"

सोन्याचं पदक बहुतेक वेळा कुणाच्या छातीवर लागतं हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ते मेलेल्याच्या आईच्या छातीवर लागतं. टेबलांखाली पुरुषांचे हात खिशांतल्या किल्ल्यांकडे गेले. पोस्टमन प्रिमोनं तर खुर्चीचा खिळाच धरला.

आर्जिया जागची उठली. "साहेब, तुमच्या जिभेला काही हाड? काळी जीभ ती, जाळा नेऊन!"

एर्मेते हसला. पण त्याचाही हात टेबलाखाली होता, तिनं पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती ताग कुजवायच्या तळ्यावर गुडघाभर पाण्यात उभी होती. घाण वास, माश्या घोंघावतायत. एर्मेते काठावर बसला होता.

"ते सोनं मागतायत रे," ती एकदम म्हणाली. "आपण दिलं नाही ना ते. ते आता पदक होऊन दुसऱ्या वाटेनं येतंय."

"कोण मागतंय? काय बोलतेस तू, आई!"

"मी आजच्या आज जाऊन खरी अंगठी देऊन येते."

"कुणाला देणार? ती शेगडी विझून सात वर्षं झाली. बाबांची आहे ती, ठेव." मग तो म्हणाला, "एक मात्र खरं गं. विमानात बसलं की हाताला लोखंड लागतच नाही. सगळं मेलं अॅल्युमिनियम."

बोलताना तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. आर्जियानं ओल्या बोटातून लोखंडी अंगठी ओढून काढली आणि त्याच्या करंगळीत घातली. फसवं तर फसवं, तिच्यापाशी दुसरं होतंच कुठलं?

ऑक्टोबरात प्रिमो सायकलवरून आला. तारेचा कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. आर्जियानं त्याच्याकडे बघितलं आणि लोखंडासाठी अंगठा बोटाकडे नेला. बोट उघडं होतं.

महिन्याभरानं पेटी आली. शर्ट, कंगवा, तिचीच पत्रं, आणि तळाशी रुमालात लोखंडी अंगठी. सोबत त्याच्या मेकॅनिकची चिठ्ठी: "हातमोज्यात अडकते म्हणून उड्डाणाआधी काढून खिळ्याला लावायचा. परत आला की पहिल्यांदा तीच घालायचा." आर्जियानं चिठ्ठी तीनदा वाचली. मग रडली, आणि अशी रडली की शेजारणी दार वाजवायला धजल्या नाहीत.

मार्चमध्ये कर्नलसाहेब मोटारीतून आले. तोच चौक. माणूस भला होता, पिन टोचू नये म्हणून काळ्या कापडाखाली दोन बोटं घालून त्यानं सोन्याचं पदक तिच्या छातीवर लावलं. "ताई," तो म्हणाला, "तुम्ही देशाला दिलंत ते देश विसरणार नाही."

"नाही दिलं," आर्जिया म्हणाली.

कर्नलला वाटलं, बाईला ऐकू कमी येतं. तो वाकला.

"पस्तीस साली इथं सगळ्यांनी सोनं दिलं, मी पितळ दिलं. खोटं वागले." सकाळीच तिनं परकराच्या काठाची शिवण उसवली होती. अल्फेओची अंगठी तिच्या तळहातावर होती. "ही खरी. ही घ्या. हे पदकही घ्या. आणि माझा एर्मेते मला परत द्या."

ग्वाल्तिएरो साहेबांनी खाली बघितलं. चौकात कुठं कुठं किल्ल्या वाजल्या. आर्जिया हात पुढं करून तशीच उभी राहिली.