मायचा खोकला आमच्या गल्लीत फिरत होता

मी बी.एस्सी. झाली आहे, वरून लॅब टेक्निशियनचं डी.एम.एल.टी. केलं. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि हे सांगताना मला लाज वाटत नाही. मायने तेंदूपत्ता तोडून, बिड्या वळून मला शिकवलं. भूतबाधा, उतारा, नजर असलं कोणी काही बोललं की मी तोंडावर सांगायची, आधी रक्त तपासून घ्या. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसली असती.

मी आणि माय, आम्ही दोघीच. गोंदियाला लागून कुडवा आहे, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर. गल्ली छोटी आहे. रोडकडून आत शिरलं की पहिल्यांदा एक रिकामा प्लॉट, त्याच्या बाजूला रेल्वेवाल्यांचं गुलाबी घर, मग टेलर मास्तर, मग रिटायर गार्ड दादाजी, मग परीचं घर आणि शेवटी आमचं. एवढीच पाच घरं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर तोंडावर मास्क असतो, म्हणून संध्याकाळी साडेपाचला घरी आली की चहा घेऊन फिरायला निघते. गल्लीतून रोडवर, तिथून पुढे राइस मिलपर्यंत, आणि परत. मिलच्या बाजूने उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा वास येतो. समोसेवाल्याची कढई तापलेली असते. कोणाकडे फोडणी पडली, कोणाकडे सासू-सुनेचं वाजलं, सगळं चालता चालता कळतं. मला ते आवडतं. शहर असंच कळतं, गाडीवरून नाही.

त्या वर्षी मायला दोन महिन्यांपासून खोकला होता. बिडीच्या तंबाखूची धूळ आयुष्यभर छातीत गेली, दुसरं काय होणार. थुंकी मीच तपासली, टी.बी. नव्हता. एक्स-रे साफ होता. पण खोकला मोठा विचित्र... दोनदा छोटा, मग थांबायचा, मग एक लांब, आणि शेवटी कुकरची हवा सुटावी तशी बारीक शिटी. आणि प्रत्येक उबळ संपली की ती कोणालाच उद्देशून नाही, पण म्हणायची — "जाऊ दे वो माय." झोपेतसुद्धा म्हणायची.

पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या लावतात, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी मारबत. पहाटे मेढे उपटायचे, "खासी, खोकला, ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत गावाच्या हद्दीबाहेर नेऊन टाकायचे आणि मागे न पाहता घरी यायचं. कामठ्याला आमच्या गावात सगळं गाव मिळून करतं. इथे कोण करणार? मायने मला पाठवलं. मला सातला लॅबमध्ये पोहोचायचं होतं, उपाशीपोटी रक्त द्यायला लोक लाइनीत बसलेले असतात. आणि खरं सांगू, हातात फांद्या घेऊन ओरडत जायची मला शरम वाटली. शिवाय कुडव्याची हद्द आता कुठे उरली आहे? एक लेआउट संपलं की दुसरं सुरू होतं. मी मेढे गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या प्लॉटात फेकले, गाडीला किक मारली आणि गेली.

संध्याकाळी मायने विचारलं, टाकलीस का मारबत हद्दीपार? मी हो म्हटलं.

त्या दिवसापासून मायचा खोकला बंद. एकदम बंद. मी म्हटलं औषध लागू पडलं.

तिसऱ्या दिवशी फिरायला निघाली, गुलाबी घरापाशी पोहोचली आणि थबकली. आतून खोकला आला. दोनदा छोटा, थांबला, एक लांब, शिटी. मला वाटलं माय इथे बसायला आली आहे. दारात डोकावली तर त्यांची बहू, बावीस-तेवीसची पोरगी, रायपूरकडची. मला पाहून हसली, परत खोकलली, आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "जाऊ दे वो माय."

या पोरीला मराठीचा एक शब्द येत नाही. भाजीवाल्या मावशीशी बोलायची तर मला बोलवायची.

मी विचारलं, ये कहाँ सीखा?

"पता नहीं दीदी, मुँह से निकल जाता है। मतलब क्या है इसका?"

मी मतलब सांगितला नाही. घरी आली. माय तांदूळ निवडत बसली होती, छान, गुणगुणत. तिला काही बोलली नाही. मायकडूनच ऐकलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

पाच-सहा दिवसांनी बहू बरी झाली. त्याच संध्याकाळी टेलर मास्तरांची मशीन मध्येच थांबली आणि तोच खोकला आला. तीच शिटी. मास्तर हिंदीतच बोलतात, पण उबळ संपल्यावर त्यांच्या जाड आवाजात तेच चार शब्द. मी वळून प्लॉटात गेली. मेढे उचलून लांब कुठेतरी नेऊन टाकावे, एवढंच डोक्यात होतं. प्लॉट साफ होता. कचऱ्याची गाडी सगळं घेऊन गेली होती.

व्हायरलची साथ होती, मान्य. लॅबमध्ये रोज तीस-चाळीस लोक खोकत येत होते. पण व्हायरल एका घरातून पूर्ण निघाल्यावरच पुढच्या घरात शिरतो असं होत नाही. आणि हे कोणाच्या लक्षात येणार होतं? ज्याच्या घरी खोकला, त्याला आपलंच दुखणं. सगळ्या दारांवरून रोज जाणारी मीच एकटी. मास्तर बरे झाले, दादाजी खोकायला लागले. प्लॉटापासून निघालं होतं आणि एकेक दार ओलांडत ते आमच्याकडे येत होतं. मी फिरायला जायची ती आता हवा खायला नाही, आज ते कुठवर आलं हे ऐकायला. जावंसं वाटायचं नाही. पण न जाणं त्याहून वाईट वाटायचं.

दादाजी बरे झाले आणि परीच्या घरी सुरू झालं. परी सहा वर्षांची. मोठी माणसं खोकून खोकून थकत होती, पण निभत होती. या पोरीचं तसं नव्हतं. ओठ निळे पडायचे. चार दिवस दवाखान्यात भरती केली, सलाईन लावली, नमुने आमच्याच लॅबमध्ये आले. मी दोनदा तपासले. काहीच नाही. घरी आणली तेव्हा बापाच्या खांद्यावर मान टाकून होती. खोकलली, आणि म्हाताऱ्या बाईसारखा सुस्कारा टाकून म्हणाली, "जाऊ दे वो माय." भिंतीपलीकडून मायला रोज ऐकलेल्या तिच्या मम्मीने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली.

आता खरं लिहिते. मला त्या लेकराची काळजी होती, पण त्याहून जास्त भीती दुसरी होती. पुढचं घर आमचं होतं. मी मायची पिशवी भरली आणि तिला म्हटलं, चल, महिनाभर कामठ्याला मामाकडे राहा. तिने कारण विचारलं. मी इकडचं तिकडचं सांगितलं, पण तिच्यासमोर मला खोटं टिकवता येत नाही. शेवटी सगळं सांगितलं.

तिने भरलेली पिशवी बाजूला सारली. मग म्हणाली, "हद्दीपार टाकली म्हणून मले सांगलीस."

"हो."

"काऊन?"

"उशीर होऊन राहिला होता."

"तो खोकला माझा होता पोरी. दुसऱ्याच्या लेकराच्या छातीत कायले ठेवू मी?"

मी तिचा हात धरला. म्हटलं हे सगळं योगायोग आहे, तू नको जाऊ. तिने एवढंच विचारलं — योगायोग आहे तर मग तू भेऊन कायले राहिलीस? आणि चप्पल न घालता निघाली.

दिवेलागणीची वेळ होती. परी पलंगावर पडून होती, घरचे सगळे भोवती. मायने तिला मांडीवर घेतलं. मंत्र नाही, अंगारा नाही. नुसता पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या कानाजवळ वाकून म्हणाली, "चाल वो माय, घरी चाल." मग पोरीला खाली ठेवलं, उठली आणि मागे न पाहता निघाली. त्यांचं दार ते आमचं दार, पंधरा पावलंसुद्धा नाहीत. मी तिच्या मागे होती. आमच्या उंबऱ्यावर ती थांबली, भिंतीला हात टेकवला.

दोनदा छोटा. थांबला. एक लांब. शिटी.

परी त्या रात्री जी झोपली ती दुसऱ्या दिवशी उशिरा उठली आणि खायला मागितलं. आता रोज गल्लीत सायकल चालवते.

याला दोन वर्षं होत आली. मायचा खोकला गेलेला नाही. नागपूरला दाखवलं, सी.टी. केला, ॲलर्जीच्या टेस्ट केल्या, इन्हेलर चालू आहे. डॉक्टरांना मेढ्यांचं सांगितलं नाही, काय सांगणार? तिचं वजन उतरलं आहे. मागच्या पोळ्याला मी पळसाच्या फांद्या आणल्या, म्हटलं या वेळी मी स्वतः कितीही लांब, पार जंगलापर्यंत नेऊन टाकते. तिने दाराला लावू दिल्या नाहीत. म्हणाली, तिथंही कोणी ना कोणी राहत असन.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. मी शिकलेली आहे, मला ते हवं आहे, आणि ते नाही. फिरायला अजूनही जाते, पण गल्लीतून भरभर. घरी असली आणि खोकला ऐकू आला की हातातलं काम थांबवते, श्वास धरून ऐकते... आतल्या खोलीतूनच आला ना? भिंतीपलीकडून नाही ना? चार शब्द मायच्याच आवाजात आले की मग काम पुढे सुरू करते.