इस्त्रीवाल्या काकूंचा राग

इस्त्रीवाल्या काकूंची जीभ इस्त्रीपेक्षा गरम, असं सगळी गल्ली म्हणायची. त्या जिभेचे सगळ्यात जास्त चटके खाल्ले ते त्यांच्या नवऱ्यानं. बस चालवणारा, अबोल माणूस. लग्नानंतर वर्षभरात काकूंना दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. पोट उघडून. सही नवऱ्यानं केली. काकू वाचल्या, बाळ गेलं.

"तुम्ही मला फाडायला दिलंत," हे त्याला जन्मभर ऐकावं लागलं. पुढे मुलगा झाला, तरी ते थांबलं नाही. तो कधी उलटून बोलला नाही. गेल्या वर्षी झोपेतच गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी सुनेच्या पोटात उजवीकडे कळ आली. तिलाही पाचवाच महिना. काकूंचं धाबं दणाणलं. कपडे तसेच टाकून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं. दुर्बिणीनं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तीन बारीक छेद, बाळ सुखरूप. दुसऱ्याच दिवशी सून चालायला लागली. काकूंना आपलं अंथरूण आठवलं, खोकला आला की पोटाशी उशी आवळून रडणं आठवलं.

त्यांनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "माझ्या वेळी ही दुर्बीण असती, तर माझं बाळ राहिलं असतं ना?"

बाईंनी वण पाहिला. पू काढायला नळी ठेवली होती, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "काकू, बाळ चिरेमुळे गेलं नसावं. अपेंडिक्स आधीच फुटलं होतं. पोट उघडलं नसतं, तर तुम्हीही गेला असता. आजही अशा वेळी कधीकधी उघडावंच लागतं. सून वेळेत आली, खरा फरक तोच. तुम्ही दुखणं अंगावर काढलं होतं का?"

काढलं होतं. तेव्हा हॉटेलच्या चादरींची घाई होती. दोन दिवस ओठ आवळून त्यांनी इस्त्री फिरवली होती. "गॅस झालाय," असं नवऱ्याला सांगून.

बाहेर मुलगा बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, उशिरामुळे बाळ गेलं, हे बाबांना माहीत होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना."

"मग बोलले का नाहीत?"

"म्हणायचे, तिला माझ्यावर रागवू दे. स्वतःवर रागावली, तर ती पुन्हा उभी राहायची नाही."

"आणि तूही पोटात ठेवलंस?"

"शपथ घातली होती."

काकू तिथेच बाकड्यावर बसल्या.

पुढे नात झाली, धडधाकट. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिला मांडीवर घेऊन त्या आजोबांबद्दल सांगतात, ते शीळ कशी घालायचे, चहा बशीत ओतून कसा फुंकायचे. आपल्या रागापाशी आलं की गोष्ट तिथेच सोडून तिला शीळ घालून दाखवतात.