लॉर्डसाहेबांचं घराणं

लॉर्डसाहेबांना कुणी घराण्याविषयी विचारलं की ते हातातला हातोडा खाली ठेवत आणि विम्याच्या माणसाला नुकसान सांगावं तसं सांगत, "वाडा जळाला. जमीन कुळांकडे गेली. चर्चमधल्या आमच्या बाकाला कीड लागली. बाकी सगळं ठीक आहे." हे सांगताना चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे. ऐकणाऱ्याला हसावं की सांत्वन करावं हे कळेपर्यंत साहेब पुन्हा कामाला लागलेले असत.

बहारीनमध्ये हिद्दजवळच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते सर्व्हेयर होते. जहाज गोदीत चढलं की त्याच्या पोटाखाली शिरायचं, पत्र्यावर हातोडा मारायचा, आवाजावरून गंज कुठे आहे ते ओळखायचं आणि खडूने खूण करायची, हे त्यांचं काम. त्या खुणांवरून खर्चाचा अंदाज काढायचा, हे माझं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून तिथे गेलो तेव्हा ते साठीला टेकले होते. उंच, जरासे वाकलेले, गुडघ्यापर्यंतच्या खाकी चड्डीतले आयरिश गृहस्थ. ते लॉर्ड आहेत हे यार्डात कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते फोडलं दाऊद खोतांनी. खोत मूळचे रत्नागिरीचे, राहायला मुहर्रकला आणि यार्डात सगळ्यांच्या व्हिसाचं काम बघायला. साहेबांचा पासपोर्ट नव्याने करून आला, त्यात मागच्या पानावर 'धारक हे बॅरन आहेत', म्हणजे लॉर्डच, अशी नोंद होती. ती खोतांनी वाचली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या यार्डाने ऐकली. मग ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, आमचीपण खोती होती. गावं होती. कूळकायद्यात जमीन गेली, नाव तेवढा राहिला." मी त्याचं इंग्रजी केलं. साहेबांनी विचारलं, "नावाचा काही उपयोग होतो?" खोत म्हणाले, "लग्न जमवताना होतो थोडा." साहेबांनी मान डोलावली. त्या दिवसापासून दुपारचा चहा ते खोतांच्या टेबलाशी घेऊ लागले.

त्या चहावर मला घराण्याचा इतिहास कळला. मूळ पुरुष आठशे वर्षांपूर्वी तलवार घेऊन समुद्रापलीकडून आयर्लंडमध्ये आला आणि जी जमीन आवडली ती त्याने घेतली. पुढच्यांनी ती टिकवण्यासाठी वेळोवेळी राजा बदलला, एकदा धर्मही बदलला. किताब मात्र बराच नंतरचा. आयर्लंडची संसद बरखास्त करून ती लंडनला जोडायची ठरली, तेव्हा साहेबांच्या पूर्वजाने बरखास्तीच्या बाजूने मत दिलं आणि बक्षीस म्हणून बॅरन झाला. "शूर माणूस," साहेब म्हणाले. "ज्या खुर्चीवर बसला होता तीच विकली." आता या किताबावर लंडनच्या सभागृहातही बसायला मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा खोतांनी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

साहेबांची पत्नी वारली होती. बुदैयाच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात ते आणि त्यांची मुलगी नोरा असे दोघेच राहत. नोराला त्यांनी तान्ही असताना दत्तक घेतलं होतं. किताब फक्त मुलाला मिळे, तोही रक्ताच्या. नोरा दोन्हीकडून बाद. चुलते, चुलतभाऊ, त्यांची मुलं, कुणीही उरलं नव्हतं, म्हणजे साहेबांनंतर किताब संपणार होता. मला हे काही पटेना. आम्ही इनामदार. माझे आजोबा मिरजेहून दत्तक आलेले आणि त्यांचे वडीलही दत्तकच. घराण्याचं मूळ रक्त शोधायला निघालं तर आमच्यात कुणाकडेच सापडायचं नाही, पण इनामदारकीचा तोरा मात्र माझ्या काकांमध्ये पुरेपूर आहे. साहेबांनी हे लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही वेळच्या वेळी पत्रा बदललात." खोत म्हणाले, "आमच्या धर्मात दत्तकाला वारसा नाही. त्यात आम्ही साहेबांच्या बाजूला."

गोदीतला फोरमन हिद्दचाच होता, अबू खालिद. तिथे मोठ्या माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. खालिदचा बाप म्हणून अबू खालिद. साहेबांना मुलगा नाही, मुलगी आहे आणि तिचं नाव नोरा, हे कळल्यावर त्याने दोन क्षण विचार केला. नूरा त्याच्या धाकट्या बहिणीचंही नाव होतं. तो म्हणाला, "खलास, ठरलं. अबू नूरा." तेव्हापासून अरब कामगार साहेबांना त्याच नावाने ओळखत आणि त्यांना दुसरं काही नाव असेल असं त्यांच्या मनातही येत नसे.

एका हिवाळ्यात साहेबांची आत्या आयर्लंडहून आली. नव्वदीच्या घरातली, ताठ, गळ्यात मोत्यांचा सर. साहेबांनी मला आणि माझ्या बायकोला चहाला बोलावलं होतं. बाईंनी आम्हाला पूर्वजांची नावं क्रमाने सांगितली आणि शेवटी साहेबांकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हा शेवटचा. याच्यानंतर घराण्यात कुणीही नाही." त्या वेळी दहा वर्षांची नोरा त्यांच्या कपात दूध ओतत होती. तिने दूध ओतलं, जग नीट ठेवला आणि आत गेली. मी माझ्या आजोबांची हकीकत सांगितली. बाई म्हणाल्या, "मग ते घराणं नव्हे, बिऱ्हाड आहे." मला राग आला, पण दुसऱ्याच्या घरी चहाला गेल्यावर त्याचं काही करता येत नाही.

निघताना नोराने माझ्या बायकोला दारात गाठून हळूच विचारलं, "आंटी, मी त्यात आहे की नाही?" बायकोने तिला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी साहेब गोदीत आले ते हात हलवतच. हातोडा घरी विसरले होते. मला म्हणाले, "तिने मलाही विचारलं. कायदा स्पष्ट आहे आणि मी तिच्याशी आजवर खोटं बोललेलो नाही. काय सांगू?" मी त्यांना त्याआधी कुणाचा सल्ला विचारताना पाहिलं नव्हतं.

त्याच शुक्रवारी रत्नागिरीकरांच्या क्रिकेट सामन्यांचं बक्षीसवाटप होतं. पाहुणे म्हणून खोतांनी साहेबांना बोलावलं होतं. साहेब आत्याला आणि नोराला घेऊन आले. खडीच्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे शामियाना. माइक घाग नावाच्या वेल्डरकडे होता, कारण त्याला माइकची गरज नव्हती. घाग गुहागरहून येऊन फार दिवस झाले नव्हते. गोदीत तो सतत 'अबू नूरा' ऐकत होता आणि साहेब कुठलेतरी सरदार आहेत हेही त्याने ऐकलं होतं. या दोन्ही गोष्टी त्याने आपल्या मनाने जोडल्या होत्या. तो गरजला, "आजचे आपले पाहुणे, आयर्लंडचे आठशे वर्षांचे खानदानी सरदार, तिथला फार मोठा किताब, श्रीमंत अबू नूरा!"

मैदानाने टाळ्या वाजवल्या. खोतांनी कपाळाला हात लावला. आत्याबाईंनी मला विचारलं, तो काय म्हणाला? मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. अबू नूरा म्हणजे काय, तेही सांगितलं. त्या साहेबांना म्हणाल्या, "चूक दुरुस्त कर." साहेब उठले, शामियान्यात गेले आणि घागच्या हातून माइक घेतला. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "किताब बरोबर सांगितला आहे. फक्त तो आठशे वर्षांचा नाही, दहा वर्षांचा आहे. माझ्याकडचा तेवढा एकच मी मिळवलेला." मग त्यांनी विचारलं, बक्षिसं कोण देणार? आणि नोराला हाक मारली. तिने सगळ्या बक्षिसांचं वाटप केलं. हरलेल्या संघाचा कप्तान तिच्यापेक्षा दुप्पट उंच होता, त्याने वाकून हात मिळवला. आत्याबाई सरळ समोर पाहत होत्या. शेवटचा कप दिला गेला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, हातमोजे न काढता.

दोन वर्षांनी साहेब निवृत्त होऊन नोरासह गावी गेले. मी बहारीनला आणखी काही वर्षं राहिलो. दर नाताळात त्यांचं भेटकार्ड येई, त्यात हवामान आणि छपराची स्थिती, एवढंच. मग एका वर्षी कार्ड आलं नाही, फोन आला. मोठ्या झालेल्या नोराचा आवाज मी ओळखला नाही. म्हणाली, बाबा झोपेतच गेले. तिथल्या वर्तमानपत्राने बातमी छापली होती, घराणं संपलं म्हणून. मी विचारलं, सगळं कुणी केलं, दफन, माणसं, सगळं?

"मीच केलं," ती म्हणाली. "घराण्यात आता मी एकटीच आहे ना."