कणगीमागचा अंक

वर्तमानपत्र लपवायला फार अक्कल लागत नाही. ज्वारीच्या कणगीमागे हात घातला की झालं. अक्कल लागते ती पुढे, आणि ती मला नव्हती.

आमचं गाव नेरपासून सहा-सात मैलांवर. बाबा निवृत्त मास्तर. गावात वर्तमानपत्र येई ते आमच्याच घरी, नागपूरचं, एक दिवस शिळं, सकाळच्या एसटीनं. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बाबा ते मोठ्यानं वाचत. शिवाय गावातली कुठलीही सोयरीक असो, बोलणीला बाबा लागायचेच. आवाज न चढवता ते समोरच्याला वळवत. मोठी गोष्ट शेवटी काढायची, ही त्यांची रीत.

त्या वर्षी इंग्लंडचे पंतप्रधान युरोपातल्या सहा देशांच्या सामायिक बाजारात शिरायला धडपडत होते. बाबांना त्या माणसाचं कौतुक. इंग्रजांचं नव्हे, त्याच्या बोलणी करण्याचं. ओट्यावर ते समजावत, "सहा भावांनी मिळून घर बांधलं. बांधतेवेळी यालेही बोलावलं होतं. तर हा म्हणे, माझं घर लय मोठं हाये. आता त्या घराच्या खोल्या एकेक करून गेल्या."

"सगळ्यात मोठी तर आपलीच गेली ना जी!" कोणी तरी ओरडे आणि सगळा ओटा हसे.

त्रेसष्टच्या जानेवारीत फ्रान्सच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला. बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसले, धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ओट्यावर गेले तर टिंगल तयारच होती. "काय गुरुजी, सायेब दारातूनच वापस आला म्हणते!"

"बाकीचे पाच भाऊ याच्या बाजूनं हायेत," बाबा म्हणाले. "एकटा किती दिवस अडवून धरीन? वळवते हा त्याले, पाहा तुम्ही."

खरं तर बातम्यांतून त्या पंतप्रधानांचं वजन उतरताना दिसत होतं. आधी ते काय म्हणाले ते छापून यायचं. आता दुसरे त्यांच्याबद्दल काय म्हणाले ते यायला लागलं. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. पण ओट्यावर शब्द दिला होता.

पौष संपला आणि माझ्या लग्नाची बोलणी ठरली. मुलगा यवतमाळला कचेरीत कारकून. मी वीस वर्षांची, शेजारच्या गावच्या शाळेत शिक्षिका. नोकरी सोडणार नाही, हे मी बाबांना बजावलं होतं.

"शेवटी काढतो ती गोष्ट," ते म्हणाले. "यवतमाळात बदली मागता येते. मी वळवतो त्याह्यले."

बोलणीच्या दिवशी सकाळी कंडक्टरनं पेपर माझ्या हातात दिला. पहिल्याच पानावर बातमी होती: इंग्लंडची बोलणी मोडली. पाच जण बाजूनं असूनही मोडली. मला ते भिंतीकडे तोंड केलेले दोन दिवस आठवले. आज हा माणूस तसा बसला तर माझ्या नोकरीचं कोण बोलणार? पेपर कणगीमागे गेला. बाबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "आज आलाच नाही."

दुपारी पाहुणे आले. मुलाचे मामा कापसाच्या जिनिंगमध्ये व्यवस्थापक होते, आणि त्यांच्याच शब्दावर सगळं होतं. चहा झाल्यावर त्यांनी हसत विचारलं, "मंग गुरुजी, काय म्हणते दुनिया?"

बाबा सावरून बसले. पाहुण्याला आधी मोकळं करायचं, हीही त्यांची रीतच. "आता पाहा, इंग्लंड आत गेल्याबिगर राहत नाही. पाच जण त्याच्या बाजूनं हायेत..."

"काय गुरुजी!" मामांनी मांडीवर थाप मारली. "मोडलं ना जी ते सारं! रेडिओवर सांगितलं. तुमच्याकडे पेपर नाही येत?"

"येतो ना. आज... आज नाही आला."

"म्हंजे सायेब घरी जाऊन झोपला, आन् गुरुजी त्याचं ताट वाढून राह्यले!"

बैठक हसली. बाबाही हसले, सगळ्यांच्या नंतर. मी आतल्या दारात चिवड्याच्या बशा घेऊन उभी होते. कणगी माझ्या मागेच होती. बाहेर जाऊन 'पेपर मी लपवला' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी बशा नीट लावत बसले.

त्यानंतर बाबा फारसं बोललेच नाहीत. पंगत, मानपान, तारीख, जे मामा म्हणतील ते. शेवटी मामाच म्हणाले, "पोरगी शिकवते म्हणे. आता कायले पाहिजे ते?"

बाबांनी पंच्यानं तोंड पुसलं. "तुम्ही म्हणाल तसं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून तोपर्यंत ऐकलं नव्हतं.

मी राजीनामा दिला. लग्न झालं. सासरी जावांना मी सांगायची, माझ्या बापानं माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही. हे मी पुष्कळदा सांगितलं, आणि सांगताना मला काही वाटत नसे.

इकडे बाबांनी नेरच्या पेपर एजंटशी भांडण काढलं. अंक पाठवला होता, असं तो शपथेवर सांगत होता. वीस वर्षांची त्यांची ओळख तुटली. बाबांनी पेपर बंद केला. ओट्यावरचं वाचनही संपलं.

दिवाळसणाला मी माहेरी आले, त्याच सुमारास त्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला. ही बातमी शेजाऱ्यानं बाबांना सांगितली. बाबा म्हणाले, "दमला असीन," आणि माझ्याकडे वळले.

"त्या दिवशी पेपर आला असता तर मी जपून बोललो असतो. तुझ्या नोकरीचं राहूनच गेलं, पोरी. माझंच चुकलं."

कणगी तिथेच होती. तो अंक मी लग्नाआधीच चुलीत घातला होता, पण तोंड तर माझ्याजवळ होतं.

"जाऊ द्या बाबा," मी म्हणाले, जसं काही मीच त्यांना माफ करत होते, आणि त्यांच्या ताटात आणखी एक अनारसा वाढला.