हसरे मुर्दे

माधव नगरात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारे एक गृहस्थ होते. एकाही पाहुण्याचा चेहरा सुटला तर त्यांना चैन पडत नसे. घरोघरी केबल आली, तेव्हा तिच्यावरचे इंग्रजी भुतांचे सिनेमे बघून त्यांना मुर्दे उठून चालतात अशी फिल्म काढायची हुक्की आली. मुर्दे अर्थातच आम्ही शेजारी. तोंडाला पावडर फासून आम्ही लंगडत निघालो, तर हे प्रत्येकाला कॅमेऱ्यापुढे थांबवत.

"काका, इकडे बघा, जरा मुस्कुराइए! नाहीतर काकू नाराज होतील नं!"

"अहो, मी मेलोय," माझे बाबा म्हणाले.

"तो क्या हुआ? हसा!"

फिल्म बघून कुणी म्हणून घाबरलं नाही.

आज बाबा नाहीत. पण कॅसेट लावली की उठतात, लंगडत माझ्यापर्यंत येतात आणि हसतात.